मधलीची माणसं

तुमच्या घरात मधलं कोण आहे?

तुम्ही स्वतः असण्याची शक्यता कमीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत, आणि दोघांत मधलं कुणी नसतं. आता एक पिढी मागे जा. आईची भावंडं मोजा, बाबांची मोजा. चार, पाच, काही घरांत सहा-सात. त्यात थोरल्याचा मान ठरलेला, धाकट्याचे लाड ठरलेले. आणि मध्ये एखाद-दुसरं नाव असं असतं, की मोजताना राहून जातं आणि मग आपण म्हणतो, "हां, ती पण."

त्या 'हां, ती पण'बद्दल आज लिहायचंय. कारण ही माणसं आता पन्नाशी-साठीत आलीत. मोठी आजारपणं याच वयात दार ठोठावतात. आणि दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसायची पाळी आपल्यावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर येणार आहे. काहींवर आलीसुद्धा.

इन्स्टावर 'मिडल चाइल्ड' म्हणून रील्स फिरतात. मधलं मूल म्हणजे समजूतदार, अबोल, सगळ्यांत मिटवामिटवी करणारं वगैरे. जन्माच्या क्रमाने स्वभाव घडतो, हा विचार व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर यांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी मांडला. तो इतका पटण्यासारखा वाटला की आजही आपण तो धरून बसलोय. पण २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २० हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा क्रमाचा स्वभावावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे मधलं मूल जन्मतः काही वेगळं नसतं. जे होतं ते घरात होतं. दोष क्रमांकाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, ही जरा गैरसोयीची गोष्ट आहे.

मी वळसंगचा. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं ते. बाबासाहेबांच्या विहिरीचं गाव म्हटलं की बाहेरच्यांना लगेच कळतं. माझे वडील पाच भावंडांतले थोरले. त्यांच्यामागे एक काका, मग मधली आत्या, मग अजून दोघं. मधलीला नाव आहे, पण घरात तिला नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. "मधलीला सांग", "मधली करेल", "मधलीचं काय, चालतंय तिला". सातवीत शाळा सुटली. कारण विचारलं तर घरातला प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणजे तेव्हा ते कुणी नीट विचारलंच नसणार. लग्न होऊन सोलापुरात गेली, नवरा लवकर वारला, मूल नव्हतं. विड्या वळायला शिकली आणि पुढची तीस वर्षं वळत राहिली.

विड्या वळणं तुम्ही बघितलं नसेल तर सांगतो. मांडीवर सूप. ओलवून मऊ केलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायची, टोक दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. हिशेब हजारावर. कारखान्यात विड्या जमा करताना खराब वाटतील त्या बाजूला काढतात, त्याचे पैसे मिळत नाहीत. सोलापुरात हजारो बायकांचं आयुष्य या सुपावर गेलंय. (तंबाखू आणि कॅन्सर एकाच लेखात आले की तुमच्या मनात काय येणार ते मला माहीत आहे. तो वेगळा लेख आहे.)

कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरं, आडम मास्तरांच्या लढ्यातून २००६ साली उभी राहिलेली. त्यातलं एक घर आत्याला मिळालं. दोन छोट्या खोल्या, पण सातबाऱ्यापासून रेशन कार्डापर्यंत आमच्या खानदानात बाईच्या नावावर असलेली ती पहिली वस्तू असावी. आम्ही मात्र वीस वर्षं त्याला 'योजनेतलं घर' म्हणत आलो. वळसंगहून सोलापूरला जाताना एसटीतून कुंभारी रोज दिसायची. तीन वर्षं कॉलेजला येऊन-जाऊन केलं, त्यात तिच्याकडे उतरलो असेन सहा-सात वेळा. तेही बस बंद पडली म्हणून एकदा.

तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती ५४ वर्षांची होती. तोवर तो बराच पसरला होता.

आणि मग घर धावलं. खोटं बोलणार नाही, मनापासून धावलं. वडिलांनी जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी चार दिवस कामावर खाडा केला. काका पुण्याहून आले. आई रोज पहाटे उठून पेज करून द्यायची. जिला तीस वर्षांत कुणी "कशी आहेस?" म्हणून फोन केला नव्हता, तिच्या खाटेभोवती आठ-आठ माणसं. आमच्या पिढीतला रिकामा पोरगा मी, त्यामुळे फाइल, रिपोर्ट आणि फोन माझ्याकडे. तुमच्याकडेही हेच येणार आहे, बघा. मोठ्यांना ॲप चालवता येत नाही.

ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, त्रास किती दिवसांपासून आहे? आत्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झाले थोडे दिवस." मी लिहिलं, एक महिना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डाच्या दारात तीन बायका आल्या. एकीच्या हातात स्टीलचा डबा. तेलुगू वळणाचं मराठी. वॉचमनने माझ्याकडे बघून विचारलं, घरच्या आहेत का? नियमाप्रमाणे त्याला विचारावंच लागतं. मी म्हणालो, "नाही. शेजारच्या आहेत." डबा मी घेतला आणि त्यांना परत पाठवलं.

जाताना त्यातली एक म्हणाली, "अक्काला मागच्या दिवाळीपासून अंगावरून जातंय. आम्ही सांगून सांगून दमलो दवाखान्यात जा म्हणून. डॉक्टरला सांगितलं ना?"

दिवाळीपासून. तेव्हा आषाढ चालू होता.

मी फाइलमधला 'एक महिना' खोडायला आत गेलो. त्यांना आत बोलवायला गेलो नाही. हे लिहायला वर्ष लागलं मला.

त्याच आठवड्यात विभागात एक असाइनमेंट होतं, मराठी वृत्तपत्रांतले जुने मृत्युलेख. मला आनंदीबाई जोशी आल्या. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी त्यांच्याबद्दल वाचत होतो. शाळेत आपण काय शिकतो? पहिली महिला डॉक्टर, गोपाळरावांचा हट्ट, लवकर मृत्यू. २०१९ मध्ये सिनेमा आला तोही आपण पाहिला. पण जिन्यात बसून वाचताना वेगळीच मुलगी दिसायला लागली.

३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचं नाव यमुना. भावंडं बरीच आणि ही मधलीच कुठेतरी. वडिलांचा जीव होता तिच्यावर. पण आईने आपल्याशी कधी प्रेमाने शब्द काढला नाही, मारायला दोरी-काठीच काय, दगड आणि जळते कोळसेसुद्धा चालायचे, हे तिने स्वतः लिहून ठेवलंय. नवव्या वर्षी लग्न, नवरा तिच्याहून खूप मोठा, बिजवर. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

आणि मग १८८० साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोझेल गावची थिओडिशिया कार्पेंटर नावाची बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसली होती. समोर पडलेलं एक मिशनरी मासिक तिने उचललं. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलेलं होतं, बायकोला शिकवायचंय, मदत हवी म्हणून. संपादकाने त्याखाली आपली धर्मांतराची अट पुढे केली होती. कार्पेंटरबाईंनी कसलीही अट न घालता सरळ हिंदुस्थानात पत्र टाकलं. तिथून जी पत्रं सुरू झाली ती थांबलीच नाहीत. आनंदीबाई तिला मावशी म्हणायला लागल्या.

थांबून विचार करा. कधी बघितलेलं नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा, पत्र पोचायला आठवडे लागतात. बंगालात सेरामपूरला असताना आनंदीबाईंची तब्येत बिघडायला लागली. डोकं दुखायचं, बारीक ताप, अशक्तपणा, धाप. तर या मावशीने अमेरिकेतून औषधं पाठवली. गुण आला नाही, ते सोडा. पण तू जेवतेस का, झोपतेस का, काय होतंय, हे एवढं कुणी खोदून विचारतंय, हे त्या मुलीच्या आयुष्यात नव्यानेच घडत असणार.

१८८३ च्या जूनमध्ये ती न्यू यॉर्कला उतरली आणि मावशीच्या घरी राहिली. मग फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. प्रवेशासाठीच्या पत्रात तिने कारण काय दिलं होतं? आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला डॉक्टर व्हायचंय. थंडीत आधी घटसर्प, नंतर क्षय. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही झाली होती. त्या वर्षाच्या शेवटी ती परत आली ती थेट अंथरुणावरच. आता मात्र सगळे धावले. वर्तमानपत्रांत कौतुक, बघायला येणारी माणसं, टिळकांनी १०० रुपये पाठवले. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. मी बावीस पूर्ण आहे.

एक गोष्ट मला माहीत नव्हती, बहुतेक तुम्हालाही नसेल. तिच्या अस्थी अमेरिकेत मावशीकडे पाठवल्या गेल्या. न्यू यॉर्क राज्यात पोकीप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत मावशीने आपल्या कुटुंबाच्या जागेत तिला जागा दिली. दगड आहे, त्यावर नाव आहे. कल्याणची यमुना, आणि शेवटी ती कुणाच्या घरच्यांमध्ये आहे? एका बाईच्या, जिने दाताच्या दवाखान्यात मासिक उघडलं होतं.

हे वाचून मी वॉर्डात गेलो तेव्हा आत्या जागी होती. मला म्हणाली, "त्या आल्या नाहीत का रे?"

आता मुद्द्याचं बोलतो. बरं न होणारा आजार घरात आला की आपण एक गोष्ट गृहीत धरतो: या माणसाचे जवळचे म्हणजे आपण. रक्ताचे, आडनावाचे, फॉर्मवर 'नाते' या रकान्यात बसणारे. ज्याला घरात नेहमी मोजलं गेलं त्याच्या बाबतीत हे खरं असेलही. पण ज्याला मोजताना आपण विसरलो, त्याने इतकी वर्षं काय केलं असेल? वाट बघत बसला असेल? नाही. त्याने बाहेर कुठेतरी आपली माणसं केलेली असतात. विडीच्या कट्ट्यावर, मिलच्या चाळीत, भजनी मंडळात, पहाटेच्या लोकल डब्यात. आपल्याला ती 'शेजारची' वाटतात. आणि आजार आला की आपण प्रेमाच्या भरात त्या माणसाला त्यांच्यातून उचलून 'आपल्या घरी' आणतो. म्हणजे आधी घर दिलं नाही आणि आता त्याने मिळवलेलं घरही काढून घेतो. तेही अशा वेळी, जेव्हा भांडायची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

आम्ही हेच केलं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटल्यावर आत्याला वळसंगला आणलं. पुढची खोली, नवी गादी, पंखा. आठव्या दिवशी ती म्हणाली, "मला माझ्या घरी न्या." आजी रडली. वडील चिडले, "हे काय परक्याचं आहे?" त्यांचं दुःख खरं होतं. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

यात हळवेपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, हा वैद्यकाचाही प्रश्न आहे. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, मन, नाती, पैसा, श्रद्धा सगळं त्यात मिळून दुखतं आणि उपचार त्या सगळ्यावर करायचा असतो, हे त्यांनी मांडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच निघालं. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला तो दुखण्यावरचं मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणं सोपं व्हावं म्हणून. या शाखेला उपशामक उपचार म्हणतात. त्यात रुग्णाला जे पहिले प्रश्न विचारतात त्यांतला एक साधा असतो: तुम्हाला कुठे राहायचंय आणि जवळ कोण हवंय? आम्ही तो विचारलाच नव्हता. रिपोर्ट मात्र सगळे पीडीएफ करून ठेवले होते मी.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्याला कधी विचारलं जात नाही, तो सांगायचंही सोडतो. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली अशी पहिली. तिथल्याच मंडळींच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, असं त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. जगाला बार्शीच्या बाजूने कळलं, आणि कुंभारीत आमची आत्या दिवाळी ते आषाढ गप्प होती. आमच्यासमोर गप्प होती. मैत्रिणींसमोर नव्हती. त्या तिला जा म्हणत होत्या, पण "भावाला कशाला उगं तरास" म्हणून ती थांबली. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाला पत्र लिहिलं त्याला एकशे चाळीस वर्षं झाली.

घर वाईट आणि बाहेरचे चांगले, असं सोपं करून घेऊ नका. आईची पेज आत्या पीत होती, आवडीने पीत होती. वडिलांशिवाय योजनेचा कागद हलला नसता. विडीवाल्या बायकांकडे ना पैसा होता ना वेळ. हजार विड्या चुकल्या की त्या दिवसाचं गेलं. आजारपणात दोन्ही लागतं. पण दोन्हींना एकमेकांची ओळख करून द्यायची तर ज्याच्या हातात फोन आहे त्यानेच ती करून द्यायची. सध्या तो आपल्या पिढीच्या हातात आहे. तुमच्या मधल्या मामाच्या, काकूच्या, आत्याच्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला नंबर कुणाचा आहे, तुम्हाला माहीत आहे? वॉचमनने विचारलं, घरचे आहेत का, तर "हो" म्हणा. हे मी या पानावर छापून सांगतोय, नियम मोडायला सांगतोय म्हणा हवं तर.

मी आत्याच्या फोनवरून तो नंबर लावला. पलीकडून "अक्का?" आलं. मी गोंधळलो. आमच्या घरात तिच्याहून मोठे दोघं, त्यामुळे ती मोठी म्हणून कधी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. तिथे ती तीस वर्षं थोरली होती. पोरींना पहिलं पान कापायला शिकवणारी, कारखान्यात कुणाच्या विड्या उगाच बाजूला काढल्या तर मुकादमाशी भांडणारी, कुणाच्या मुलीच्या फीसाठी बचत गटाचं दार ठोठावणारी. हे मला त्या बायकांनी सांगितलं. तिने कधी नाही. आम्ही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, कुणास ठाऊक.

आम्ही तिला कुंभारीला नेलं. वडील आले, सुरुवातीला घुश्शात, मग चहा पिऊ लागले त्यांच्यात बसून. बहीण म्हणाली, खोलीत तंबाखू नको. मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, बाहेर ओट्यावर बसू द्या, हिची खाट दारात ओढा. तसं केलं. सकाळी दहाला सुपं यायची. गप्पा तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत, सोलापुरी तिन्ही मिसळून. मला अर्धं कळायचं. आत्याला सगळं.

शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं होतं. एका दुपारी त्यातल्या एकीने नुकताच बांधलेला कट्टा तिच्या तळहातावर ठेवला. आत्याने डोळे मिटूनच अंगठ्याने दाबत एकेक विडी चाचपली आणि एक ओढून बाजूला काढली.

"अक्का, आता तरी सोड की," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. वडीलही हसले. मी घड्याळ बघितलं, औषधाची वेळ झाली होती.